वजावट

दर दुसऱ्या गुरुवारी मी एकशे त्रेचाळीस माणसांच्या पगारातून
सत्त्याऐंशी डॉलर चाळीस सेंट काढून घेते,
कुणाच्या खिशाला हात न लावता.
एक रकाना आहे. नाव ‘आरोग्य’.
आकड्याच्या आधी उण्याची खूण.
ती मीच टाकलेली, बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.
तेव्हा कळलं नव्हतं, एवढीशी आडवी रेघ
माणूस आडवा होईपर्यंत कुणी वाचत नाही.

ओडेल प्रुइट भट्टीवर असतो.
ईरी सरोवरावरून बर्फाचा वारा सुटतो तेव्हाही
त्याच्या पाठीवर घामाच्या मिठाचा नकाशा.
सोमवारी माझ्या खिडकीशी आला,
हातात औषधांच्या दुकानाची रिकामी पिशवी,
नीट घडी घातलेली.
म्हणाला, “व्हर्ना, काउंटरवरची पोरगी म्हणते कार्ड बंद आहे.
मी म्हटलं, बाई, तुमचं यंत्र चुकत असेल,
माझे तर पैसे कापले जातात.”
आणि पगाराची चिठ्ठी आत सरकवली.
माझीच चिठ्ठी, माझ्याचकडे,
बोट त्या उण्यावर.

मुलीचं इन्सुलिन होतं. दोन कुप्या.

मला माहीत होतं.
इथेच लिहून टाकते, पुढे धीर होणार नाही.
नऊ आठवडे माहीत होतं.
विमा कंपनीचं पहिलं पत्र पांढरं, दुसरं पिवळं,
तिसरं सही करून घ्यावं लागलं.
तिन्ही मी मिस्टर हॉलोवेलांच्या टेबलावर ठेवली.
ते म्हणाले, “गॅसचं बिल आधी.
भट्टीच विझली तर विमा कुणाचा भरायचा?”
वाक्य इतकं गोल होतं
की माझी मान आपोआप हलली.

तळं राखील तो पाणी चाखील, मान्य.
चाखा ओंजळभर.
पण इथे पाटी तशीच ठेवून
पाणी मागच्या मागे वळवलं होतं,
आणि घागरी घेऊन येणाऱ्यांकडून
पाणीपट्टी मी वसूल करत होते.

कापलेला पैसा मालकाचा नसतो.
त्याच्या खात्यात पडला तरी नसतो.
तो ओडेलचाच असतो, फक्त वाटेत असतो;
आणि वाटेत गाठून काढून घेणाऱ्याला काय म्हणतात
ते भट्टीवरच्या कुठल्याही पोराला विचारा.
मला ते पुस्तिकेतून कळलं.
माझ्याच खणात होती, स्टेपलरच्या खाली,
प्लास्टिकसुद्धा न फाडलेली.

ओडेलला मी म्हणाले, “बघते.”
आमच्या ऑफिसात हा शब्द सगळ्यात जास्त खपतो.

तो वळला. पिशवीची आणखी एक घडी घातली,
आता ती मुठीत मावत होती.
तेव्हा मी हाक मारली.
“लेखी माग. योजनेचे सगळे कागद. तारीख घाल.
तीस दिवसांत द्यावेच लागतात.
आणि हा नंबर कामगार खात्याचा.
फोन बाहेरून कर.”

“तीस दिवस,” तो म्हणाला.
“तिच्याकडे चार दिवसांचं आहे.”

याला माझ्याकडे रकाना नव्हता.
पर्स उघडली, होते तेवढे दिले. एका कुपीचेही नव्हते.
त्याने मोजले नाहीत.
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि तिथेच, उभ्या उभ्या, लिहायला घेतलं.
अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं,
प्रत्येक ओळ उजवीकडे उतरत गेलेली.

मध्येच थांबला.
“कुणी सांगितलं म्हणून लिहू? तुझं नाव घालू?”

शिफ्टचा भोंगा वाजला.
माझ्या चिठ्ठीवरही तोच रकाना आहे,
तेच सत्त्याऐंशी चाळीस,
आणि मार्चमध्ये माझ्या गुडघ्याची तारीख.
आतल्या केबिनमध्ये खुर्ची करकरली.

“घाल,” म्हटलं. “कॅडवेल.
शेवटी दोन एल.”